तोंडी नकाराची नोंद

(सोलापूर येथे झालेल्या मासिक सभेत एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. भाषणाचा बोली बाज तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : गरीब माणसाला बँक का मिळत नाही, यावर विद्वानांनी काय संशोधन केलंय. मी विद्वान नाही. एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली, कॅशियरपासून शाखाधिकाऱ्यापर्यंत. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला. मुलगी अर्थशास्त्र शिकवते, ती मला शोधनिबंध छापून आणून देते. काही कळतात, काहींतली गणितं डोक्यावरून जातात. पण त्यातला एक निबंध वाचला आणि रात्री झोप लागली नाही. त्याच्याबद्दल बोलायलाच खरं म्हणजे आज आलोय. त्याआधी एक प्रसंग सांगतो.

साधारण २००९ची गोष्ट असेल. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. दुपारी कॅश बंद व्हायच्या वेळेला एक बाई केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पिको-फॉल आणि शिलाईचं काम करायच्या. घरी दोन मशीन, हाताखाली दोन मुली. त्यांना ओव्हरलॉकचं मशीन घ्यायचं होतं आणि थोडं कापड भरून ठेवायचं होतं. पंचवीस हजार लागणार होते. बोलणं नीट, हिशोबाची वही बरोबर. मी पत्ता विचारला. त्यांनी मोहल्ल्याचं नाव सांगितलं. मी म्हणालो, "बघू. पुढच्या महिन्यात या." त्या म्हणाल्या, "साब, फारम तो देव." मी म्हणालो, फॉर्म संपलेत.

फॉर्म संपले नव्हते. माझ्या उजव्या हाताच्या खणात गठ्ठा होता.

तो मोहल्ला आमच्याकडे "निगेटिव्ह" समजला जायचा. असा कागद कुठे नव्हता. वरून कुणी लेखी कळवलेलं नव्हतं. माझ्या आधीच्या साहेबांनी चार्ज देताना चहा पिता-पिता सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं असेल. आणि मी स्वतः मुसलमान. तरीही. किंवा त्यामुळेच. आपल्या माणसाला कर्ज दिलं आणि ते थकलं, तर इन्स्पेक्शनला बोट माझ्याकडे दुप्पट रोखलं जाईल, अशी भीती मनात होती. कुणी तसं म्हणालं नव्हतं. मीच म्हणत होतो.

पुढे त्या बाईंनी खासगी पैसे उचलले, महिना शंभराला दहानं. आता हिशोब करा. पंचवीस हजारावर महिन्याला अडीच हजार व्याज, वर्षाला तीस हजार, आणि मुद्दल पंचवीस हजार जशीच्या तशी डोक्यावर. बँकेनं बारा टक्क्यांनी दिले असते, तर वर्षभर एक रुपयाही मुद्दल फिटली नाही असं धरलं तरी तीन हजार रुपये व्याज. फरक सत्तावीस हजारांचा. मला जेवढं कर्ज नाकारायचं होतं त्याहून जास्त पैसे माझ्या एका "बघू"पायी त्या बाईंनी वर्षभरात मोजले.

बँकेच्या दप्तरात या सगळ्याची नोंद काय? काहीच नाही. अर्ज आला नाही, म्हणून अर्ज नामंजूर झाला नाही. त्या वर्षीच्या माझ्या शाखेच्या विवरणात अल्पसंख्याकांचे नामंजूर अर्ज शून्य होते. साहेबांनी शाबासकी दिली.

तेव्हा सच्चर समितीचा अहवाल येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. नोव्हेंबर २००६चा तो अहवाल. आपल्याकडे सच्चरचं नाव शिक्षणाच्या आणि नोकऱ्यांच्या संदर्भात घेतात, पण त्यात बँकांच्या कर्जावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते फार कमी लोकांनी वाचलंय. त्यात स्पष्ट लिहिलंय, की काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग नकारात्मक क्षेत्रं म्हणून ठरवले आहेत आणि तिथे कर्ज किंवा इतर सोयी सहज मिळत नाहीत. म्हणजे आम्ही जे चहा पिता-पिता एकमेकांच्या कानात सांगत होतो ते दिल्लीत छापून आलं होतं. त्याच प्रकरणात आणखी एक आकडेवारी आहे. प्राधान्य क्षेत्राच्या कर्जखात्यांमध्ये मुसलमानांचा वाटा साधारण १२ टक्के होता, पण येणे रकमेत तो ५ टक्क्यांहूनही कमी. खाती आहेत, पण रक्कम चिल्लर. ज्या गावांत मुस्लिम वस्ती जास्त, तिथे बँकेची सोय वापरणारी कुटुंबं कमी, हेही जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलेलं आहे.

यावर बँकवाले एक उत्तर देतात. मीही द्यायचो. "हा भेदभाव नाही, हा धंदा आहे. तिथे वसुली होत नाही." आता हे खरं की खोटं, कसं ठरवायचं? नुसतं कर्ज कमी दिलं एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही. खरंच वसुली होत नसेल तर बँकेनं सावध राहावं की नाही? राहावंच. पैसा ठेवीदारांचा आहे.

तर आता त्या झोप उडवणाऱ्या निबंधाकडे येतो. रेमंड फिसमन, अर्कदीप्त सरकार, यानिस स्क्रास्टिन्स आणि विक्रांत विग या चौघांचा तो अभ्यास. २०२०मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त आला. अर्थशास्त्रात याहून वरचं मासिक शोधावं लागेल. त्यांनी भारतातल्या एका बँकेची कर्जाची नोंद घेतली आणि एक साधा प्रश्न विचारला. ज्या हिंदू शाखाधिकाऱ्यांच्या आयुष्यात हिंदू-मुस्लिम दंगलीचा अनुभव येऊन गेलाय, ते मुस्लिम कर्जदारांना बाकीच्या अधिकाऱ्यांपेक्षा कमी कर्ज देतात का?

उत्तर आलं, देतात. कमी देतात.

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. मग त्यांनी पाहिलं, की अशा अधिकाऱ्यांनी मुसलमानांना जी थोडी कर्जं दिली, त्यांची वसुली कशी झाली. ती चांगली झाली. बुडण्याचं प्रमाण कमी निघालं.

हे ऐकून कुणाला वाटेल, मग बरंच आहे की, साहेबांनी नीट पारखून दिलं! थांबा. समजा एका शाळेत मुलांना पास व्हायला पस्तीस मार्क लागतात आणि मुलींना साठ. पुढच्या वर्गात मुली जास्त हुशार दिसणारच, कारण पस्तीस ते साठमधल्या सगळ्या पोरी खालीच राहिल्या. त्या नापास नव्हत्या, त्यांना नापास केलं गेलं. कर्जाचं तसंच. मुसलमानाची कर्जं कमी बुडत असतील तर त्याच्यासाठी उंबरठा जास्त उंच होता, आणि फेडू शकणारी कितीतरी माणसं त्या उंबरठ्याबाहेरून परत गेली. म्हणजे तो धंदा नव्हता. धंद्यात बँकेचं नुकसान होत होतं. चांगलं गिऱ्हाईक हातचं जात होतं. याला दुसरं नाव नाही.

आणि अधिकारी जुना होईल, गाव ओळखीचं होईल, तसा हा कल विरत जातो का? नाही, तो टिकून राहतो. दंगल काही दिवसांत संपते. संचारबंदी उठते, दुकानं उघडतात. पण दंगल पाहिलेला पोरगा मोठा होऊन परीक्षा देतो, बँकेत लागतो, आणि वीस-पंचवीस वर्षांनी दुसऱ्याच गावात, ज्यांचा त्या दंगलीशी काही संबंध नाही अशा कुणाच्या तरी मशीनचं कर्ज अडवतो. त्याला स्वतःला ते कळतही नसेल. तो वाईट माणूस असेलच असं नाही. माझ्याबरोबर काम केलेले असे लोक मला माहीत आहेत, माझ्या अडीअडचणीला धावून आलेले.

याच गटातल्या दोघांचा, फिसमन आणि विग यांचा, डॅनियल पाराविसिनी यांच्याबरोबरचा आणखी एक अभ्यास आहे, २०१७चा. त्यांनी पाहिलं की कर्ज देणारा अधिकारी आणि घेणारा एकाच धर्माचे किंवा एकाच जातगटाचे असले तर काय होतं. सरकारी बँकांत अधिकाऱ्यांच्या बदल्या ठरावीक काळानं होतातच, त्यामुळे एकाच शाखेत आज एका समाजाचा साहेब, उद्या दुसऱ्या, असं आपोआप घडतं. त्याचा फायदा त्यांनी घेतला. आपल्या समाजाचा अधिकारी आला की कर्ज जास्त मिळतं, तारण कमी मागितलं जातं. इथवर कुणीही म्हणेल, वशिला. पण परतफेडही सुधारते, आणि तो अधिकारी बदलून गेल्यावरही ती सुधारलेली राहते. वशिल्यानं दिलेलं कर्ज असं वागत नाही. अधिकाऱ्याला त्या माणसांची भाषा कळते, कोण खरं बोलतंय ते कळतं, कुणाकडे चौकशी करायची ते कळतं.

आपल्यापैकी काही जण लगेच म्हणतील, मग मुस्लिम वस्तीत मुस्लिम मॅनेजर द्या. मी तसं म्हणणार नाही. एक तर मी स्वतःच त्या सरासरीत बसत नाही, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. आणि दुसरं, असं केलं तर मराठ्यांना मराठा, दलितांना दलित, असं करत बँकेचे काउंटर वाटून टाकावे लागतील. ओळख पाहिजे, ती रोजच्या येण्याजाण्यातून होते. साहेब वस्तीत कधी गेलाच नाही तर त्याला वस्ती दंगलीच्या बातमीतूनच कळणार.

आता दुसऱ्या बाजूला या. सरकार म्हणतं, प्रश्न सुटला. २८ ऑगस्ट २०१४ला जनधन योजना सुरू झाली. पहिल्याच दिवशी दीड कोटी खाती उघडली. मी तेव्हा नोकरीत होतो, रविवारीही शिबिरं घेतली, हाताला शाई लागेपर्यंत अंगठे घेतले. जागतिक बँक दर काही वर्षांनी 'फिंडेक्स' नावाची पाहणी करते. तिच्यानुसार २०११मध्ये भारतात शंभर प्रौढांपैकी ३५ जणांकडे खातं होतं, २०१७मध्ये ८० जणांकडे. हे काम मोठं आहे, त्याला नाक मुरडू नये. पण त्याच २०१७च्या पाहणीत खातेदारांपैकी जवळजवळ निम्म्यांनी वर्षभरात खात्यात ना पैसे भरले होते ना काढले होते.

मग आम्ही बँकवाले म्हणायचो, गरिबाला बचतीची सवय नाही. हे शुद्ध अज्ञान आहे. स्टुअर्ट रदरफोर्ड नावाच्या अभ्यासकानं विजयवाड्यातल्या एका बाईची पद्धत लिहून ठेवली आहे. ती झोपडपट्टीत घरोघर फिरून पैसे गोळा करायची. प्रत्येक बाईला एक कार्ड, त्यावर २२० घरं. रोज पाच रुपये दिले की एका घरावर खूण. २२० दिवसांनी झाले अकराशे. त्यातले हजार ती परत द्यायची आणि शंभर स्वतः ठेवायची. म्हणजे बायका स्वतःचेच पैसे साठवायला वर पैसे मोजत होत्या! घरात पैसा राहत नाही. नवरा मागतो, पोरगं आजारी पडतं, नणंद उसने मागते. दारात येऊन रोज पाच रुपये घेऊन जाणारं कुणी असेल तर त्याची किंमत द्यायला गरीब बाई तयार असते. आपल्याकडच्या पिग्मीचं तेच. १९२८मध्ये उडुपीकडे टी. एम. ए. पै यांच्या बँकेनं पिग्मी सुरू केली, तेव्हा दोन आण्यांसाठी माणूस दारात जायचा. आज सोलापुरात भाजीवाल्या बाईला विचारा, जनधनचं पासबुक कुठंय ते आठवणार नाही, पिग्मीवाला किती वाजता येतो ते सांगेल.

पास्कलीन द्युपा, डीन कार्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडा, मलावी आणि चिली अशा तीन देशांत लोकांना फुकट खाती उघडून दिली आणि दोन वर्षं पाहिलं. दोन वर्षांत पाच वेळा तरी पैसे भरले अशी माणसं किती? युगांडात शंभरातली १७, मलावीत १०, चिलीत ३. लोकांच्या एकूण बचतीत किंवा राहणीमानात फरक दिसला नाही. याउलट नेपाळात पोखराजवळच्या झोपडवस्त्यांमध्ये सिल्व्हिया प्रिना यांनी केलेल्या अभ्यासात ८४ टक्के बायकांनी खातं उघडलं आणि वापरलं. फरक कुठे होता? पोखराला बँकेचा माणूस वस्तीतच बसत होता, आठवड्यातले ठरलेले दिवस, काही तास. पैसे भरायला-काढायला आकार नाही. बाकी अटी नाहीत.

इथल्या विडी वळणाऱ्या बायकांचा दिवस तुम्ही जाणता. हजारी पुरी झाली तर पैसे. त्या बाईनं बँकेत जाऊन दोन तास रांगेत घालवले की तेवढ्या विड्या कमी. वर पासबुक छापायचं मशीन बंद. तिच्यासाठी दोनशे रुपये भरायची किंमत शंभर रुपये आहे. ती जाणार नाही. मीही गेलो नसतो.

शाखा जवळ आली की फरक पडतो, याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. १९६९मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७७ला रिझर्व्ह बँकेनं नियम केला, की जिथे आधीच बँक आहे तिथे एक शाखा उघडायची असेल तर जिथे नाही अशा चार ठिकाणी आधी उघडा. १९९०ला तो नियम गेला. त्या वीस वर्षांत जवळपास तीस हजार गावांत पहिल्यांदा व्यापारी बँकेची पाटी लागली. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५मध्ये दाखवून दिलं, की या शाखांमुळे ग्रामीण गरिबी खरोखर कमी झाली. नियम गेल्यावर बँका पुन्हा त्याच त्या बाजारपेठांत गर्दी करू लागल्या. आणि आता शाखेऐवजी मोबाईल, असं सांगतात. मोबाईलनं पैसे जातात-येतात, ठीक आहे. पण मोबाईल ओव्हरलॉक मशीनसाठी कर्ज मंजूर करत नाही. जे मोबाईलवर झटपट कर्ज देतात त्यांची कहाणी इथल्या दोन-तीन घरांत तरी माहीत असेल, मी उघड बोलत नाही.

नावांचा एक वेगळाच घोळ आहे. आपल्यात 'शेख' इंग्रजीत लिहायच्या चार तऱ्हा. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरी. लग्नाआधी 'बानो', नंतर 'बी', कुठे वडिलांचं नाव, कुठे नवऱ्याचं. बाहेरच्या माणसाला त्या चार वेगळ्या बायका वाटतात, संगणकाला तर वाटतातच. २०२४मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार यायला लागले तेव्हा किती बायकांना कळलं की आपलं खातं केवायसीअभावी गोठलंय किंवा आधारला जोडलेलंच नाही. काहींच्या खात्यातून शिल्लक कमी म्हणून दंड कापला गेला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की किमान शिल्लक न लागणारं मूलभूत बचत खातं असतं आणि अर्ज देऊन आपलं साधं खातं त्यात बदलून घेता येतं. पत्ता-नाव बदललेलं नसेल तर केवायसी नव्यानं करताना स्वतःचं निवेदन पुरतं, हेही नाही सांगितलं. अधिकृत कागद मुळीच नसतील तरी 'छोटं खातं' उघडता येतं. शिल्लक पन्नास हजारांपर्यंत, महिन्याला दहा हजार काढता येतात, आणि वर्षभरात कागद आणून द्यायचे. हे सगळे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. काउंटरवर विचारलं तर "तसं काही नसतं" असं उत्तर मिळतं. आम्हीच द्यायचो.

आता आपल्या घरातलं बोलतो. कुणाला राग आला तर चहाच्या वेळी भांडा.

मध्य प्रदेशात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि इतरांनी एक प्रयोग केला, २०२१मध्ये तो छापून आला. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांची मजुरी घरच्या कर्त्याच्या नाही तर थेट त्यांच्याच खात्यात जमा केली, आणि त्यांना खातं कसं वापरायचं ते थोडक्यात शिकवलं. दोन्ही गोष्टी मिळाल्या त्या बायका जास्त काम करू लागल्या, रोजगार हमीवर आणि बाहेरही. सगळ्यात जास्त फरक कुणात पडला? ज्यांच्या नवऱ्यांना बायकोनं काम करणं पसंत नव्हतं त्यांच्यात. आपल्याकडे खातं बाईच्या नावाचं, एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात, पिन जावयाला पाठ. आम्ही बँकेत रोज बघायचो. फॉर्मवर बाईचा अंगठा आणि पैसे मोजून घेणारा दुसराच. तिच्यासाठी ते खातंच नव्हे.

भिशीचं मला कौतुक आहे. वीस बायका, पाचशे-पाचशे, दर महिन्याला एकीला दहा हजार. व्याज नाही, कागद नाही, विश्वास आहे. पण भिशीत वीस वर्षं एकदाही हप्ता न चुकवलेली बाई बँकेत आली की बँकेच्या दृष्टीनं ती काल जन्मलेली असते. तिची पत कुठे लिहिलेलीच नाही. बचत गटाच्या नोंदवहीत लिहिली जाते. म्हणून भिशी चालू ठेवा आणि गटही करा.

आणि व्याजाचा प्रश्न. २००८मध्ये रघुराम राजन समितीनं बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असं सुचवलं होतं. रिझर्व्ह बँकेनं त्यावर काही काळ विचार केला आणि २०१७मध्ये तो पुढे न नेण्याचं ठरवलं. ज्यांचा व्याजाला धार्मिक आक्षेप आहे त्यांचा मी आदर करतो, तो ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न. पण फिंडेक्समध्ये जगभरच्या खातं नसलेल्यांना कारणं विचारली तेव्हा दोनतृतीयांश लोकांनी सांगितलं, पैसेच पुरेसे नाहीत. धार्मिक कारण सांगणारे त्यामानानं अगदी थोडे. आपल्या सभांमध्ये मात्र बँक म्हटलं की तीन वक्ते इस्लामी बँकेवर बोलतात, आणि फॉर्म न मिळालेल्या बाईवर एकही नाही. आणि ती बाई त्याच आठवड्यात शंभराला दहा देऊन मोकळी झालेली असते. ते काय व्याज नाही?

चेतना गाला सिन्हांनी सातारा जिल्ह्यात म्हसवडला बायकांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण सभासद बायकांचे अंगठे होते. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या साहेबांनाही काढू द्या, कोण आधी काढतं बघू. १९९७मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. मला या गोष्टीत एक लक्षात येतं. त्यांना लेखी नकार मिळाला होता. कारण लिहिलेलं होतं, म्हणून त्या कारणाला उत्तर देता आलं.

आम्ही मोहल्ल्यातल्या बायकांना तेवढंही दिलं नाही.

आता नियम ऐका. मला तो तेव्हाही पाठ होता, हे कबूल करतो. २००३मध्ये रिझर्व्ह बँकेनं कर्ज देणाऱ्या बँकांसाठी उचित व्यवहार संहिता लागू केली. कर्जाचा अर्ज घेतला की पोच द्यायची. छोटं कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवायचं, ठरलेल्या मुदतीत. पुढे हे सगळ्या कर्जांना लागू केलं. म्हणजे ओव्हरलॉक मशीनचं कर्ज मी नाकारू शकत होतो, पण कारण लिहून द्यावं लागलं असतं. आणि मी काय लिहिणार होतो? "मोहल्ला" असं लिहिलं असतं? लिहिता येणार नाही म्हणूनच तर फॉर्म संपले होते.

तर अर्ज घरून लिहून न्या, छापील फॉर्मची वाट बघू नका. दोन प्रती. एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच. मुद्रा कर्ज हवं असेल तर पन्नास हजारांपर्यंतच्या 'शिशु' गटाचं नाव अर्जात लिहा. छोट्या उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा नियम आहे, तोही लिहा. नाकारलं तर कारण लेखी मागा. तीस दिवसांत बँकेनं तक्रारीला उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील नको. एक मात्र स्पष्ट सांगतो, लोकपाल तुम्हाला कर्ज मिळवून देणार नाही. कुणाला कर्ज द्यायचं तो बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात तो पडत नाही. पण पोच दिली नाही, कारण कळवलं नाही, ही सेवेतली त्रुटी आहे, ती तो ऐकतो.

आणि सरकारी बँकांना माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपयांत विचारता येतं, की अमुक शाखेत गेल्या वर्षी किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर. टाळाटाळ होईल, अपील करावं लागेल. मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, की या शहरातल्या चार-पाच शाखांपासून सुरुवात करा. पण आधी अर्ज गेले पाहिजेत. अर्जच नसतील तर मिळालेल्या कागदावर शून्य येईल, आणि माझ्यासारख्या कुणाला तरी पुन्हा शाबासकी मिळेल.

त्या बाईंना मी दोन वर्षांपूर्वी शोधत गेलो होतो. घर सापडलं. ओव्हरलॉक मशीन त्यांनी पुढे घेतलंच होतं, आता सून चालवते. मी ओळख सांगितली. त्यांना मी आठवत नव्हतो. म्हणाल्या, "बँकवाले तो बहोत देखे साब, तुम कौनसे?" मी चहा घेतला आणि आलो. माफी मागायला गेलो होतो, तोंडातून शब्द निघाला नाही.

अर्जाचा नमुना मराठी आणि उर्दूत छापून आणलाय, मागच्या टेबलावर आहे. आज शंभर प्रती आहेत, जाताना एक घ्या, शेजारणीसाठी दुसरी घ्या. ज्यांच्या नावात घोळ आहे त्यांनी थांबा, मी नऊ वाजेपर्यंत इथेच आहे.